लांबचं ऐसपैस घर की जवळचं आटोपशीर? कट्ट्यावर रंगलेला एक वाद

विषय बँकवाल्याने काढला. शहराजवळ दोन खोल्या मिळतात तेवढ्याच पैशांत उपनगराच्या टोकाला चार खोल्या आणि पुढे अंगण मिळत असेल, तर लहान मुलं असलेल्या जोडप्याने टोकाला जावं, असं त्याचं म्हणणं. “मुलांना जागा लागते. बाकीचं सवयीने जमतं.”

“काय जमतं सवयीने? प्रवास?” वकीलवहिनींनी तिथेच अडवलं. “हिशेब मांड. जाताना ४० मिनिटं जास्त, येताना ४० जास्त. दिवसाला ८० मिनिटं. वर्षाला कामाचे २४० दिवस धर. ३२० तास झाले. आठ तासांचा एक दिवस, असे ४० दिवस. हे तास एकतर झोपेतून जातात, नाहीतर मुलांच्या वाट्याच्या संध्याकाळींतून. मग चार खोल्यांत मुलं असतात आणि आईबाप रस्त्यावर.”

इंजिनियरने दुजोरा दिला. चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली मांडलेलं एक निरीक्षण त्याने सांगितलं: माणूस रोजच्या येण्याजाण्यावर सरासरी तासभर घालवतो. वाहनं वेगवान झाली तरी हा तास घटत नाही, वस्ती तेवढी लांब पसरते. त्यामुळे दोन्ही बाजूंचा मिळून तासाभराच्या फार पलीकडे जाणारा प्रवास पत्करताना, तो आपल्याला किती वर्षं झेपेल हे आधीच स्वतःला विचारावं.

“पण रेल्वे होतेय ना तिकडे,” बँकवाला म्हणाला.

“होतेय म्हणजे नक्की काय झालंय?” वहिनींनी विचारलं. “घोषणा वेगळी, काम सुरू होणं वेगळं आणि गाडी धावणं वेगळं. पैसे फक्त धावणाऱ्या गाडीचे मोजायचे. दोन वर्षांत होणारं काम सहा वर्षं लांबलं, तर त्या काळात मुलाची अख्खी प्राथमिक शाळा संपते.”

प्रवास मोजायचा कसा, यावर बँकवाला आणि वहिनी यांचं एकमत झालं. नकाशावरचं अंतर किंवा रविवारी दुपारी मारलेली फेरी, दोन्ही निरुपयोगी. कामाच्या दिवशी, नेमक्या वेळेला, दारापासून दारापर्यंत, जातानाचं आणि येतानाचं वेगवेगळं मोजायचं. स्टेशनापर्यंतची चाल, गाडी लावायला जागा शोधणं, वाट पाहणं, सगळं धरून. आणि जमलं तर एकदा भर पावसात.

मास्तर इतका वेळ ऐकत होते. मुलं आणि शाळा हा त्यांचा प्रांत. “अंगण असलं म्हणून वस्ती मुलांच्या सोयीची होत नाही,” ते म्हणाले. “माझी कसोटी एकच. दहा वर्षांचं मूल मोठ्या माणसाशिवाय शाळेत, मैदानावर आणि मित्राच्या घरी जाऊन परत येऊ शकतं का? येत असेल तर वस्ती चांगली. नसेल तर घर कितीही मोठं घ्या, पुढची दहा वर्षं आईबापांनी मुलांची नेआण करायची.”

ही कसोटी नवी नाही, असं इंजिनियरने सांगितलं. क्लॅरेन्स पेरी या अमेरिकन नियोजकाने १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी शेजारवस्तीची कल्पना मांडली तीच मुळी शाळेभोवती: प्राथमिक शाळा मधोमध, मोठे रस्ते वस्तीच्या कडेने, सुमारे दहा टक्के जागा उद्यानांना आणि मैदानांना, दुकानं कडेच्या चौकांत. मुलाला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावाच लागू नये, हा त्यातला गाभा. घर बघायला जाल तेव्हा हीच चार कलमं कागदावर लिहून न्या.

“आणि अंतर मुलाच्या पायाने मोजा,” मास्तर पुढे म्हणाले. “मोठा माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, दप्तर घेतलेलं लहान मूल ५०. जाहिरातीत ‘शाळा दहा मिनिटांवर’ असेल तर ते ८०० मीटर. मुलाला सोळा मिनिटं लागणार. सोळा मिनिटंही चालतील. पण मध्ये काय आहे? पदपथ सलग आहे की दर वीस पावलांवर तुटतो? गाड्या कुठून वळतात? लहान मुलांना येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज नीट येत नाही. शिवाय उभ्या गाड्यांच्या मागे ती दिसतच नाहीत.”

वेगाचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण घर पाहताना तो सहसा कुणी तपासत नाही. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत दिलेली गाडी थांबायची अंतरं अशी आहेत: ताशी ३२ किलोमीटरला १२ मीटर, ताशी ४८ ला २३ मीटर, ताशी ६४ ला ३६ मीटर. वेग दुप्पट झाला की अंतर तिप्पट. म्हणून घरासमोरच्या रस्त्यावर मर्यादेची पाटी आहे का एवढं बघून भागत नाही. रस्ता रुंद आणि सरळ असेल तर पाटी असूनही गाड्या पळतात. अरुंद रस्ता, वळण, उंचवटा, चौकात पुढे आलेला पदपथ, यांनीच वेग खरा उतरतो.

वहिनींनी याला आणखी एक धागा जोडला. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत तीन सारख्या दिसणाऱ्या रस्त्यांची पाहणी केली होती. फरक फक्त वर्दळीचा: दिवसाला सुमारे २,०००, ८,००० आणि १६,००० गाड्या. कमी वर्दळीच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, जास्त वर्दळीच्या रस्त्यावर एकही पुरता नाही. “शेजार लाभतो की नाही, हे नशिबावर सोडू नका. गर्दीच्या वेळी पंधरा मिनिटं रस्त्यावर उभं राहा आणि गाड्या मोजा. चारने गुणलं की तासाचा आकडा मिळतो.”

“मग टोकाच्या वसाहतीतले बंद रस्ते उत्तमच की!” बँकवाल्याला मुद्दा सापडला. “आरपार वाहतूकच नाही.”

इथे इंजिनियर त्याच्यावर तुटून पडला, आणि माझ्या मते तोच बरोबर होता. बंद गल्लीत गाड्या कमी असतात हे खरं. पण गल्ल्या एकमेकींना पायवाटेनेही जोडलेल्या नसतील, तर पाठीमागच्या घरातला वर्गमित्र सरळ रेषेत २०० मीटरवर आणि रस्त्याने दीड किलोमीटरवर असतो, तोही मोठ्या रस्त्याला वळसा घालून. मग मुलाला गाडीतूनच न्यावं लागतं. गल्ली बंद असावी ती गाड्यांसाठी, चालणाऱ्यांना आणि सायकलींना वाट हवी. घर पाहताना गल्लीच्या शेवटापर्यंत चालत जा. तिथे भिंत आहे की फाटक, आणि फाटक असेल तर त्याला कुलूप आहे का, ते बघा.

बँकवाल्याची एक बाजू मात्र सगळ्यांनी मान्य केली. जवळच्या घरात आवाज असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये रस्त्याच्या आवाजासाठी सुचवलेली मर्यादा दिवसरात्रीच्या सरासरीला (तिच्यात संध्याकाळच्या आणि रात्रीच्या आवाजाला जास्त वजन असतं) ५३ डेसिबल आणि नुसत्या रात्रीला ४५ आहे. वर्दळीच्या रस्त्याकडे उघडणाऱ्या शयनखोलीच्या खिडकीबाहेर ती सहज ओलांडली जाते. म्हणून मुलांची खोली मागच्या बाजूला आहे का ते पाहायचं, आणि रात्री दहानंतर एकदा खिडकी उघडून शांत उभं राहायचं.

शाळेबद्दल मास्तरांनी थोडक्यात पण ठासून सांगितलं. शाळा जवळ असणं आणि तिथे प्रवेश मिळणं, या दोन गोष्टी वेगळ्या. प्रवेश पत्त्यावरून मिळत असेल तर हद्द नेमकी कुठल्या रस्त्यावर संपते, ती बदलायचा विचार चालू आहे का आणि हव्या त्या इयत्तेत जागा आहेत का, हे शाळेच्या कार्यालयात विचारायचं. दलालाच्या तोंडच्या माहितीवर घर घ्यायचं नाही.

मग गाडी घरावर आली आणि इंजिनियरने सूत्रं हातात घेतली. “भिंतीचा रंग बदलता येतो, फरशी बदलता येते, भार नसलेली भिंत पाडून खोलीही बदलता येते. जमिनीची पातळी आणि ओल यांचं तसं नाही.” घर आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा खाली आहे का, कुंपणाच्या भिंतीवर पाण्याची जुनी रेघ दिसते का, पावसाचं पाणी कुठल्या नाल्यात जातं आणि तो नाला मोकळा आहे का, हे आधी. भराव टाकलेल्या जमिनीवर नवं घर असेल तर पाया किती खोल आणि कशावर टेकलाय, हे लेखी विचारायचं, कारण भराव वर्षानुवर्षं दबत राहतो.

ओलीवर तो बराच वेळ बोलला. फक्त एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर तिथे थांबायचं. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत रंग फुगलेला आणि पांढरी भुकटी आलेली असेल, तर पाणी खालून चढतंय. छताच्या कोपऱ्यात किंवा न्हाणीघराच्या पलीकडच्या भिंतीवर डाग असेल, तर नळ किंवा सांधा गळतोय. शंका आली तर फूटभर चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर २४ तास ठेवायचा. थेंब आतल्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येतेय, बाहेरच्या बाजूला आले तर खोलीतल्या दमट हवेची. दुसरी गोष्ट खिडक्या उघडून सुधारते, पहिलीला तोडफोड लागते. कपाटं उघडून वास घ्यायचा, कारण कपाटामागे रंग मारायला कुणी जात नाही.

“भेगा?” वहिनींनी विचारलं.

“केसासारख्या बारीक भेगा गिलाव्याच्या असतात, त्याने घाबरायचं नाही. पण विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढलेली, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग दिसली, किंवा रुंदी ५ मिलिमीटरच्या वर गेली, तर संरचना अभियंत्याला आणल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्याची फी वाचवणं म्हणजे फार महागात जाणं.”

नळांची परीक्षा सोपी आहे. सगळ्यात वरच्या मजल्याचे दोन नळ एकदम सोडायचे आणि १० लिटरची बादली किती वेळात भरते ते पाहायचं. मिनिटाच्या आत भरली तर उत्तम, दोन मिनिटं लागली तर आंघोळीच्या वेळी भांडणं. बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडायचं. गुडगुड आवाज करत पाणी थांबत थांबत गेलं, तर सांडपाण्याच्या नळीत अडथळा आहे किंवा तिला हवा पुरवणारी नळी तुंबली आहे.

लहान मूल असेल तर आणखी दोन मापं: गच्चीच्या आणि जिन्याच्या कठड्याची उंची किमान मीटरभर, आणि गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी. गज आडवे असतील तर मूल शिडीसारखं चढतं, उभेच हवेत. जुन्या घरातला जुना रंग खरवडण्याआधी त्यात शिसं आहे का ते तपासून घ्या. अमेरिकेने घरांसाठी असा रंग १९७८ मध्येच बंद केला, कारण त्याची धूळ मुलांच्या मेंदूला इजा करते.

पैशाचा विषय निघाला तेव्हा बँकवाला आपल्या प्रांतात आला आणि त्याने स्वतःच्याच मुद्द्याला कात्री लावली. “९ टक्क्यांनी २० वर्षांचं कर्ज घेतलं, तर १०० चे एकूण २१६ फेडावे लागतात. पहिल्या हप्त्यातला सुमारे ८३ टक्के भाग नुसतं व्याज. पाच वर्षांत ५४ भरून होतात आणि मुद्दल उतरतं फक्त ११. तेव्हा चार-पाच वर्षांत विकायचंच असेल तर भाड्याने राहिलेलं बरं. आणि सुरुवातीलाच व्याज ९ वरून १० झालं नि हप्ता तोच ठेवला, तर फेडायला लागतात २० नाही, २६ वर्षं. मोठ्या घराच्या मोहात हप्ता अगदी वरच्या टोकाला नेऊ नका. वर दरवर्षी घराच्या किमतीच्या टक्काभर रक्कम डागडुजीला बाजूला ठेवा.”

“म्हणजे लांबचं घर स्वस्त नाहीच,” वहिनी म्हणाल्या. “दुसरी गाडी, तिचं इंधन, ते ३२० तास, सगळं किमतीत मिळवून बघ.”

“मिळवलं तरी काहींना परवडतं. दोघांपैकी एकजण घरून काम करत असेल तर गणित फिरतं,” बँकवाला म्हणाला. यावर मास्तरांनी मान डोलावली, पण पायी शाळेची अट त्यांनी सोडली नाही.

कागदांचं वहिनींनी झटपट उरकलं: मालकीची साखळी सलग हवी, घरावर जुना बोजा नको, बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे हवं. शेजारच्या रिकाम्या जागेवर विकास आराखड्यात काय दाखवलंय ते नियोजन कार्यालयात जाऊन स्वतः बघायचं, कारण आजचं माळरान उद्या गोदाम किंवा सहापदरी रस्ता असू शकतं. विसार देण्याआधी करारात एक ओळ घालून घ्यायची: तपासणीत संरचनेचा दोष किंवा मालकीत खोट निघाली, किंवा ठरलेल्या मुदतीत कर्ज मंजूर झालं नाही, तर रक्कम पूर्ण परत. विकणारा या ओळीला तयार नसेल तर विसार द्यायचा नाही.

“चांगलं घर हातचं जाईल की अशाने,” बँकवाला म्हणाला.

“जाऊ दे,” वहिनी म्हणाल्या. “तपासणीला मुदत दहा दिवसांची मागितली तर बहुतेक विकणारे ऐकतात. महिनाभराची मागशील तर कोण थांबेल? अभियंत्याची वेळ आधीच ठरवून ठेव.”