दोन काड्यांची चूल

श्रावणात स्काउटच्या पोरांना घेऊन चूल पेटवणं हे काम ज्याला सोपं वाटतं, त्याने आमच्या पथकाबरोबर एकदा गिरणाऱ्याकडे यावं. नाशिकमधून निघताना लख्ख ऊन असतं. गिरणाऱ्याला पोचेपर्यंत त्र्यंबककडून ढग येतात आणि दहा-अकरा वर्षांची आठ पोरं माझ्याकडे बघतात, जणू पाऊस मीच मागवलाय.

स्काउटिंगची जुनी अट अशी, की मोकळ्यावर चूल आगपेटीच्या दोनच काड्यांत पेटली पाहिजे. १९०८ सालच्या इंग्लंडमधल्या चाचणीत ती होती. स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल लष्करात असताना हिंदुस्थानात राहून गेले, पण श्रावणात त्यांनी नाशिककडे सरपण गोळा केलं असावं असं अटीवरून तरी वाटत नाही.

आधी जागा. वनखात्याच्या हद्दीत चूल नाही म्हणजे नाही. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून बांधाजवळ. दगड कोरडे हवेत. पोरं हमखास ओढ्यातले गुळगुळीत दगड आणतात, दिसायला छान म्हणून. पण दगडात मुरलेल्या पाण्याची तापल्यावर वाफ होते, दगड फुटतो आणि खिचडीत जातो. चुलीचं तोंड वाऱ्याकडे, म्हणजे पावसाळ्यात बहुतेक पश्चिमेकडे.

मग सरपण. जमिनीवर पडलेलं उचलायचं नाही, ते स्पंजासारखं भिजलेलं असतं. झाडावरच वाळलेली, अडकून राहिलेली काटकी घ्यावी. मोडल्यावर कट् वाजली तर घ्यायची, नुसती वाकली तर टाकायची. ही परीक्षा पोरांना इतकी आवडते की कामाच्या काटक्याही मोडून मोडून भुगा करतात. जाड लाकूड बाभळीचं आणि कोयत्याने उभं चिरलेलं, कारण साल भिजली तरी गाभा कोरडा असतो. कोयता मात्र माझ्याच हातात. उंबर, पांगारा, शेवगा आणलात तर धूर भरपूर मिळेल, जेवण नाही.

नाशिककरांना एक सवलत आहे. एप्रिलच्या खरड छाटणीतल्या द्राक्षाच्या काड्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये खडखडीत वाळलेल्या असतात. ओंजळभर मागून घ्याव्यात, पण फक्त पेटवणासाठी. त्यांवर वर्षभर फवारणी झालेली असते, तेव्हा कणीस भाजायचा मोह नको.

रचना अशी: मधे चिमूटभर सुकं गवत, वर सुतळीएवढ्या काड्या, मग करंगळीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या, आणि आत हवा जायला फट. पोरांतलाच एक संघनायक सगळं एकदम रचतो, घट्ट, विटांच्या भिंतीसारखं. पहिली काडी वाऱ्याने जाते. दुसरी लागते, आणि जरा ज्योत दिसली की आठही जण वरून फुंकतात. विझते.

"सर, कापूर चालेल?"

खिशात कापूर, सॅनिटायझर आणि आजीने दिलेल्या तुपातल्या वाती. म्हणजे तयारीत पोरं कमी नसतात, नियमात बसत नाहीत एवढंच. मी नाही म्हणतो. तिसऱ्या काडीला आकाशाकडे बघतो.

फुंकायचं ते खालून, जमिनीलगत, एकानेच आणि लांब श्वासाने. आडवं पडावं लागतं, गणवेशाला चिखल लागतो, आईचा फोन येतो.

आठ जणांना ६०० ग्रॅम तांदूळ, ३०० ग्रॅम मूगडाळ. पातेलं मोकळं म्हणून पाणी कुकरपेक्षा जास्त: दोन्ही मिळून जेवढ्या वाट्या, त्याच्या साडेतीनपट, आणि तांब्याभर उकळतं बाजूला. उकळी आली की जाळ बाहेर ओढायचा. तो न ओढल्याने वर भात कच्चा आणि खाली कोळसा होतो. पोरं मधला थर खातात आणि 'मस्त' म्हणतात.

चूल विझवताना पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघायची. राख गार लागेपर्यंत निघायचं नाही.

पातेल्याला चढवण्याआधीच बाहेरून ओल्या मातीचा लेप दिला असेल तर काजळी मातीबरोबर निघते. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी लेप राहतो. घासायची वेळ आली की दोघातिघांचे पाय मुरगळतात. त्यांना बसू द्यावं, पातेल्याशेजारीच; घासायला पाय लागत नाहीत.