इव्हेंट लॉग पुसून कॉम्प्युटर पळत नाही

विंडोज मशीनमधल्या महत्त्वाच्या घडामोडींची नोंद इव्हेंट लॉगमध्ये आपोआप करते, आणि त्या नोंदी इव्हेंट व्ह्यूअर या प्रोग्रॅममध्ये दिसतात. ऑफिसमधला विंडोज कॉम्प्युटर रेंगाळायला लागला की एक सल्ला हटकून पुढे येतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय असा: ‘इव्हेंट व्ह्यूअर उघडा, शेकडो लाल एरर दिसतील, म्हणजे मशीनमध्ये व्हायरस आहे. लॉग म्हणजे साठलेला कचरा. दर आठवड्याला सगळे क्लिअर करा, वेग वाढेल. सोबतची बॅच फाइल (आज्ञांची यादी असलेली फाइल) अ‍ॅडमिन म्हणून चालवा. इव्हेंट लॉगची सर्व्हिस बंद केली तर आणखी उत्तम. लॉगमुळे डिस्क भरते. डिस्कवर लॉगची जी फाइल दिसेल ती उडवा.’ यातला एकच मुद्दा अर्धा खरा आहे. शेवटचा मुद्दा तर आख्खे ऑफिस ठप्प करू शकतो.

‘लॉग साठत जातात आणि मशीन मंदावते’

इव्हेंट लॉगच्या फायली सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, विनइव्हीटी, लॉग्ज या फोल्डरात असतात. ऑफिसच्या साध्या मशीनवर अ‍ॅप्लिकेशन, सिक्युरिटी आणि सिस्टम या तिन्हींना मुळातच प्रत्येकी २० एमबीची मर्यादा असते, आणि बाकीच्या बहुतेक लॉगना सुमारे १ एमबीची. मर्यादा गाठली की सर्वांत जुनी नोंद जाते, नवी तिच्या जागी बसते. रोजच्या कामात विंडोज जुन्या नोंदी चाळत बसत नाही, त्यामुळे त्या पुसल्याने वेगात काही फरक पडत नाही. एखादी सर्व्हिस (मागे चालत राहणारा प्रोग्रॅम) दर सेकंदाला पडून पुन्हा सुरू होत असेल, तर मशीन मंदावण्याचे कारण ती सर्व्हिस असते. तिचे नाव सांगणारी नोंदच तुम्ही पुसलेली असते.

‘लाल खूण म्हणजे व्हायरस’

टेक सपोर्टच्या नावाने फोन करणारे भामटे नेमके हेच दाखवून पैसे उकळतात. धडधाकट मशीनवरही लाल-पिवळ्या खुणा रोज पडतात. डिस्ट्रिब्युटेड-कॉम या सोर्सची १००१६ क्रमांकाची नोंद तर मायक्रोसॉफ्टनेच दुर्लक्ष करण्याजोगी ठरवली आहे. म्हणून रंग बघू नका. सोर्स (नोंद कोणी केली) आणि इव्हेंट आयडी (नोंदीचा क्रमांक) ही जोडी बघा.

सिस्टम लॉगवर राइट-क्लिक करून ‘फिल्टर करंट लॉग’ घ्या आणि आयडीच्या चौकटीत ४१, ६००८, १०७४ असे स्वल्पविरामाने लिहा. नको असलेल्या क्रमांकाआधी वजाचे चिन्ह दिले की तो गळतो. १०७४ म्हणजे कोणीतरी किंवा कोणत्या तरी प्रोग्रॅमने रीतसर बंद किंवा रीस्टार्ट केले; कोणी, तेही नोंदीत असते. कर्नेल-पॉवरची ४१ म्हणजे मशीन नीट बंद झाले नाही. इथे बहुतेकांची गल्लत होते: ४१ ची वेळ मशीन पुन्हा सुरू झाल्याची असते, बंद पडल्याची नाही. ती वेळ ६००८ च्या मजकुरात मिळते. मग ४१ च्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये बगचेक-कोड पाहा. शून्य असेल तर वीज गेली, पॉवर सप्लायने दगा दिला किंवा मशीन इतके गोठले की त्याला काही लिहिताच आले नाही. शून्य नसेल तर निळी स्क्रीन आली होती. तो आकडा दशमान पद्धतीत असतो, म्हणून शोधण्याआधी हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या पद्धतीत) बदला: १५९ म्हणजे ९एफ, आणि तो ड्रायव्हरच्या पॉवर-स्टेटचा घोळ असतो.

‘दर आठवड्याला क्लिअर करा’

मोठे नुकसान इथे होते, कारण लॉगची किंमत एका नोंदीपेक्षा तिच्या वारंवारतेत असते. ‘डिस्क’ सोर्सची १५३ म्हणजे डिस्कला दिलेली आज्ञा पुन्हा द्यावी लागली. ७ म्हणजे खराब ब्लॉक सापडला. महिन्यात एखादी १५३ आली तर लक्ष ठेवा. आधी एक, मग आठवड्याला चार, मग रोज अशी चढण दिसली तर त्याच दिवशी बॅकअप घेऊन डिस्क बदला. दर सोमवारी पाटी कोरी केली तर ही चढण दिसणार कशी?

लॉगिनचेही तसेच. सिक्युरिटी लॉगमधली ४६२५ म्हणजे फसलेले लॉगिन. रात्रभर एकाच खात्यावर ठरावीक अंतराने ती येत असेल तर हल्ल्याचा संशय घेण्याआधी शेअर्ड फोल्डरमध्ये स्कॅन टाकणारा प्रिंटर तपासा. पासवर्ड बदलला, प्रिंटरमधला जुनाच राहिला, हा नेहमीचा प्रकार. डोमेनमध्ये (ऑफिसची सगळी खाती एकत्र सांभाळणाऱ्या नेटवर्कमध्ये) खाते लॉक झाले तर ती खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, म्हणजे डोमेन कंट्रोलरवर, ४७४० पडते आणि चुकीचे प्रयत्न कोणत्या मशीनवरून झाले तेही ती सांगते.

‘बॅच फाइल अ‍ॅडमिन म्हणून चालवा’

अनोळखी फाइलला अ‍ॅडमिनचे अधिकार देणे हाच मोठा धोका. त्यातून सिक्युरिटी लॉग पुसला की ११०२ आणि इतर लॉग पुसले की १०४ अशी नोंद तुमच्या खात्याच्या नावानिशी पडते. घुसखोरही माग पुसायला हेच करतात, त्यामुळे पुढे तपास झाला तर पहिले उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल. एखादा लॉग रिकामा करणे भागच असेल तर ‘क्लिअर लॉग’नंतर येणाऱ्या खिडकीत ‘सेव्ह अँड क्लिअर’ निवडा.

‘सर्व्हिसच बंद करा’

असे केल्यास सुरक्षितता आणि विश्वासार्हता धोक्यात येऊ शकते, हे त्या सर्व्हिसच्या वर्णनातच लिहिले आहे. पुढे वाचायची गरज नाही.

‘लॉगमुळे डिस्क भरते’

हाच तो अर्धा खरा मुद्दा. डिस्क भरते, पण बहुधा दुसऱ्याच लॉगमुळे. वेब सर्व्हर म्हणून आयआयएस चालत असेल तर तो आयनेटपबच्या फोल्डरात रोज नवी फाइल करतो आणि जुनी कधीच काढत नाही. तिथे ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या फायली हटवणारे शेड्यूल्ड टास्क लावा. विंडोजच्या लॉग्ज फोल्डरातली सीबीएस लॉग (विंडोजचे अपडेट आणि भाग बसवतानाच्या नोंदींची फाइल) २ जीबीच्या पुढे गेली की ती कॉम्प्रेस करून कॅब फाइल करण्याचा प्रयत्न फसतो, पुन्हा पुन्हा होतो आणि विंडोजच्या टेम्पमध्ये अर्धवट कॅब फायलींचा ढीग लागतो. उपाय: विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर सर्व्हिस थांबवा, अवाढव्य सीबीएस फाइल दुसरीकडे हलवा, टेम्पमधल्या त्या कॅब काढा.

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या एलडीएफ फाइलला मात्र हात लावू नका. तिला ‘ट्रान्झॅक्शन लॉग’ म्हणतात, पण ती डेटाबेसचाच भाग आहे. सर्व्हिस चालू असताना ती डिलीट होत नाही, म्हणून लोक सर्व्हिस थांबवून उडवतात. मग डेटाबेस उघडत नाही. ती फुगण्याचे नेहमीचे कारण म्हणजे रिकव्हरी मॉडेल (लॉगमधल्या नोंदी किती काळ राखायच्या ते ठरवणारी सेटिंग) ‘फुल’ आहे आणि लॉगचा बॅकअप कोणी घेतच नाही. तो बॅकअप सुरू केला की आतली जागा पुन्हा वापरात येते आणि वाढ थांबते. फाइलचा आकार कमी करायचा असेल तर तो त्यानंतर, एकदाच.

मग करायचे काय?

सिक्युरिटी लॉग उघडा. यादीच्या तळाशी जाऊन सर्वांत जुनी नोंद कधीची आहे ते बघा. २० एमबीत ६ दिवस मावत असतील आणि ९० दिवस हवे असतील तर ३०० एमबी लागतील, म्हणजे ३०७२०० केबी; हा आकडा ६४ च्या पटीत असावा लागतो. तो लॉगवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये भरा. कार्डने पैसे घेणाऱ्यांना पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या नियमावलीनुसार १२ महिन्यांचे लॉग ठेवावे लागतात, त्यातले ३ महिन्यांचे लगेच हाताशी. लॉग भरल्यावर काय करायचे, याचे तीन पर्याय खाली दिसतील. ‘ओव्हरराइट’ ठीक आहे. ‘आर्काइव्ह’ घेतले तर लॉगच्याच फोल्डरात ‘आर्काइव्ह’ नावाने सुरू होणाऱ्या फायली साठत जातात, त्या दुसरीकडे हलवण्याची सोय आधी करा. ‘डू नॉट ओव्हरराइट’ टाळा: लॉग भरला की नव्या नोंदी गळतात, आणि ऑडिट न झाल्यास मशीन बंद करण्याची पॉलिसी लागू असेल तर मशीनच थांबते.

महत्त्वाच्या मशीनचे लॉग दुसऱ्या मशीनवरही पाठवा. विंडोजमध्ये इव्हेंट फॉरवर्डिंगची सोय आहेच. रॅन्समवेअरने (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) मशीन गिळले तर त्यावरचे लॉगही बहुधा त्याबरोबरच जातात.