पिवळा दिवा लागल्यास घाबरून जाऊ नये

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. चावी फिरवली की पेटतो, इंजिन सुरू झालं की विझतो. एखाद्या सकाळी तो विझलाच नाही, तर सुज्ञ वाहनधारकाने डोकं शांत ठेवावं. सर्व्हिस सेंटरला फोन करू नये. गाडीसोबत आलेली पुस्तिका उघडू नये. ती ग्लव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीसकट जशी आली तशीच आहे, तिचं पावित्र्य भंग करण्याचं कारण नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी काळी टेप. नखाएवढा तुकडा पुरतो. काही भाविक नेमका त्याच जागी गणपतीचा स्टिकर लावतात, तेही चालेल. गाडी पूर्वीसारखीच पळते, एसी पूर्वीसारखाच गार करतो. मग बिघडलं काय? बाहेर जे जातं ते मागच्या गाडीवाल्याच्या नाकात जातं, आणि मागचा गाडीवाला काही आपल्या नात्यातला नाही.

तरीही हा दिवा कोणाच्या सांगण्यावरून लागतो, हे माहीत असलेलं बरं. घरात चुगलखोर असेल तर तो कुठे बसतो हे मालकाला ठाऊक हवं. आपल्याकडे चारचाकीत ही ओबीडी नावाची, गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच्याच धुरावर ठेवायची पाळत २०१० पासून बीएस-४ या धुराच्या सरकारी नियमांबरोबर शिरली, २०१३ पासून पक्की झाली; दुचाकीत ती २०२० साली बीएस-६ बरोबर आली. पेट्रोल गाडीत इंजिनातून निघालेला वायू आधी कॅटकॉनमधून जातो. कॅटकॉन म्हणजे विषारी वायू साफ करणारा बारीक जाळीचा सिरॅमिकचा गट्टू, आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा मुलामा. (म्हणूनच भंगारवाले त्याची चौकशी इतक्या आपुलकीने करतात.) त्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर आणि नंतर एक. बऱ्याच गाड्यांत पहिला सेन्सर सतत वरखाली नाचत असतो, शून्याच्या जवळून एक व्होल्टच्या जवळ आणि परत. कॅटकॉन नीट काम करत असेल तर दुसरा सेन्सर मात्र जवळपास स्थिर राहतो. गट्टू थकला की दुसराही पहिल्याच्या तालावर नाचू लागतो, आणि कॉम्प्युटर वहीत बिघाडाचा कोड टिपून ठेवतो: पी०४२०.

बरं, हा कॉम्प्युटर तसा सभ्य आहे. एकदा चूक दिसली म्हणून लगेच बोंब मारत नाही. गाडी पुन्हा चालवल्यावर दुसऱ्या खेपेलाही तेच दिसलं, तरच सहसा दिवा लावतो. एवढा संयम तर आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडेही नसतो. मोठा अपवाद, दिवा लुकलुकायला लागतो तेव्हा. याचा अर्थ एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाही, ते तसंच कॅटकॉनमध्ये जाऊन तिथे जळतंय आणि हजारोंचा गट्टू भाजून निघतोय. अशा वेळी टेप थोडी जाड लावावी.

आता तुम्ही म्हणाल, पण पीयूसीच्या वेळी पकडले गेलो तर? वाचकहो, इतका भोळेपणा बरा नव्हे. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात ती जुनी व्हॅन उभी असते ना, आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि चहाचा कागदी कप, तिथे तुमच्या चुगलखोराची साक्ष कोणी काढतच नाही. मुलगा येतो, सायलेन्सरमध्ये नळी घालतो, नंबर प्लेटचा फोटो काढतो. पेट्रोल गाडी जागच्या जागी सुरू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. डिझेल असेल तर रेस देऊन धुराचा काळेपणा बघतात. नायट्रोजनची ऑक्साइडं, ज्यांच्यापायी जगभर एवढा गदारोळ झाला, ती या परीक्षेच्या अभ्यासक्रमातच नाहीत. फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कणही नाहीत. स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात वायर खुपसली की गाडी घडाघडा सगळं बोलून टाकते. ते सॉकेट त्या मुलाने कधी पाहिलेलं नसतं, आणि दोष त्याचा नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या भाच्या-पुतण्यांची मात्र कीव येते. तिथे २००० नंतरच्या पेट्रोल गाडीला नळी लावतच नाहीत, थेट त्या सॉकेटमध्ये वायर. दिवा पेटलेला असेल तर नापास. बरं, एखाद्याने हुशारी करून घरीच कोड पुसून नेले, तर कॉम्प्युटर सांगतो की माझ्या स्वतःच्या तपासण्या अजून पूर्ण झालेल्या नाहीत. मग त्याला परत पाठवतात: आधी गाडी चालवा, मग या. माणसाने माणसावर इतका अविश्वास दाखवू नये.

आपला कायदा त्या मानाने समजूतदार. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या कलमाखाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हे कलम आपल्याला भेटतं ते मुख्यतः पीयूसीचा कागद नसला की. गाडीत परवानगीवाचून फेरफार केला, म्हणजे समजा कॅटकॉनच काढून विकला, तर तिथे दंड फेरफारामागे ५,००० रुपये. (कैद सहा महिन्यांपर्यंत आहे, पण त्यासाठी आधी कोणीतरी गाडीखाली वाकून बघावं लागतं.) हिशेब तुम्हीच करा. कागद जपा, गट्टूचं काय ते नंतर बघू.

डिझेलवाल्यांसाठी दोन शब्द. तुमच्या बीएस-६ गाडीतला डीपीएफ नावाचा फिल्टर काजळी अडवतो आणि साठली की जाळून टाकतो, पण त्यासाठी गाडी हायवेवर जरा दमात पळवावी लागते. तुम्ही ती रोज मुलांच्या शाळेपर्यंत नेणार आणि दिवा लागला की कंपनीला शिव्या देणार, हे अगदी योग्य आहे. मोठ्या ट्रकमध्ये नायट्रोजनची ऑक्साइडं मारायला युरियाचं पाणी लागतं, ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. ते संपलं की कॉम्प्युटर इंजिनाची ताकदच कमी करतो. यावर बाजारात एक छोटी डबी मिळते. ती कॉम्प्युटरला सांगत राहते की टाकी भरलेली आहे, सगळं झकास चाललंय. कॉम्प्युटर विश्वास ठेवतो. यंत्राला थाप मारणारं यंत्र आपण शोधून काढलं, आणि लोक म्हणतात या देशात संशोधन होत नाही.

आणि मनाला टोचणी लागलीच, तर थोरामोठ्यांचं स्मरण करावं. २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनचं पितळ उघडं पडलं. त्यांच्या डिझेल गाडीला आपण रोलरवर आहोत की रस्त्यावर हे कळत असे. चाकं फिरतायत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे परीक्षा चालू! मग इंजिन गुणी बाळासारखं वागायचं. रस्त्यावर आलं की अमेरिकेच्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड. भारतातही पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेने तपासलं आणि इथल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली ५०० कोटींचा दंड ठोठावला, त्याच्या वसुलीला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. एवढ्या मोठ्या कंपनीने सॉफ्टवेअर लिहून जे केलं, ते आपण टेपच्या तुकड्यात करतोय. काटकसर म्हणतात ती हीच.

जनतेचा कौलही आपल्याच बाजूने आहे. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकायच्या नाहीत. पुढचे दोन दिवस शोरूमबाहेर झुंबड उडाली. हजारोंची सूट, काही ठिकाणी माल संपल्याच्या पाट्या. जास्त धूर सोडतात म्हणून ज्या गाड्या बंद होणार, त्याच मिळाव्यात म्हणून माणसं भांडली. स्वच्छ हवेला कधी अशी रांग लागलेली ऐकलीय?

राहता राहिला गाडी विकण्याचा प्रश्न. गिऱ्हाईक येणार त्या सकाळी टेप काढावी, तिचा डिंक पेट्रोलच्या बोळ्याने पुसावा. ऑनलाइन मिळणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर त्या सॉकेटमध्ये लावून कोड पुसून टाकावेत. आपला चुगलखोर सभ्य आहे, दुसऱ्या खेपेशिवाय तोंड उघडत नाही, तेव्हा ट्रायल कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंतच द्यावी. गिऱ्हाईक बॉनेट उघडून ऑइलची दांडी बघेल, टायरला लाथ मारेल, दारं उघडून बंद करेल. मग विचारेल, "काका, पीयूसी आहे ना?"

ताठ मानेने काढून दाखवावी. मुदत वर्षभराची आहे.