'आयएसओ घ्या, कन्सेंट विसरा' म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

जळगाव एमआयडीसीतल्या चटईवाल्यांच्या आणि दालमिलवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "आयएसओ १४००१ घ्या, प्रदूषण मंडळाचा कन्सेंट विसरा. सर्टिफिकेट थेट जिनिव्हाहून, आयुष्यभराचं. फायली तेवढ्या करायच्या, बाकी काही नाही." शेजारच्या गाळ्यातल्या भाऊंनी तो वाचून मला विचारलं, "काय भो, मग रिन्यूअलचे पैसे भरू का नको?"

भरा. कन्सेंट, म्हणजे कारखाना चालवायला मंडळाची लागणारी परवानगी, येतो १९७४ च्या जल कायद्यातून आणि १९८१ च्या वायू कायद्यातून. आयएसओ १४००१ हे आपल्या कामाचा पर्यावरणाला होणारा त्रास कसा सांभाळायचा याचं, १९९६ साली आलेलं ऐच्छिक मानक आहे. ते कायद्याला सूट देईल कसं? उलट आपल्याला कोणते कायदे लागू होतात आणि ते आपण पाळतो का, हे तपासत राहणं ही त्याच मानकाची अट आहे. ऑडिटर आला की कन्सेंटची प्रत मागतो आणि आधी मुदत बघतो.

जिनिव्हाचं म्हणाल, तर तिथे मुख्यालय असलेली आयएसओ ही संस्था नुसतं मानक लिहिते, सर्टिफिकेट कुणालाच देत नाही. देणाऱ्या संस्था वेगळ्या, आणि त्यांना मान्यता देणाऱ्या, आपल्याकडे एनएबीसीबी, त्याहून वेगळ्या. मुदत तीन वर्षं, मध्ये दरवर्षी तपासणी. कारखान्याचं तोंडही न बघता आठ दिवसांत घरपोच येणारा कागद हवा तर फ्रेम करून लावा.

फायलींच्या मुद्द्याला मात्र मी निम्मे मार्क देतो. ऑडिटच्या आदल्या रात्री वर्षभराच्या नोंदी एकाच पेनाने भरलेल्या मी पाहिल्यात. पण जाडजूड मॅन्युअल मानकात कुठेच सक्तीचं नाही. ते विचारतं एवढंच, की तुमच्या कामाचा माती, पाणी, हवेला कुठे त्रास होतो, त्यातलं मोठं काय, आणि ते कमी करायला काय ठरवलंत. चटईच्या कारखान्यात याचं उत्तर पायाशीच असतं: भंगार प्लास्टिक धुतलेलं गढूळ पाणी, ग्राइंडरची धूळ, हीटरची वीज, मशीन सुरू करताना वाया जाणारे गोळे. आम्ही धुण्याच्या टाकीच्या लाइनला मीटर बसवलं, तेव्हा कळलं की मशीन बंद असतानाही रात्रभर पाणी वाहतंय. एक वॉल्व्ह बदलला, संपलं. २०२४ पासून तर हवामान बदलाचा आपल्या कामाशी संबंध आहे का, हेही तपासावं लागतं. मे महिन्यात इथे कूलिंग टँकचं पाणीच गरम होतं, त्यामुळे आम्हाला त्यावर फार डोकं खाजवावं लागलं नाही.

याच्या उलटा गैरसमजही ऐकतो, की सर्टिफिकेट आहे म्हणजे कारखाना स्वच्छ. तसंही नाही. सांडपाण्यात काय किती चालेल याचा एकही आकडा या मानकात नाही, ते आकडे कायद्याने आणि मंडळाच्या कन्सेंटने ठरतात.

भाऊंचे लूम चार, आणि सर्टिफिकेट मागणारं गिऱ्हाईक एकही नाही. मी त्यांना म्हटलं, घाई नको, आधी पाण्याला मीटर लावा. मग त्यांचा कन्सेंट काढून बघितला. मुदत संपायला तेवीस दिवस उरले होते.