‘येशूने तुला सांगितलं, सरकारला नाही’ हा फॉरवर्ड परत आलाय म्हणून

वसईच्या ग्रूपवर आला, अमेरिकेतल्या नातेवाइकांकडूनही आला. म्हणणं असं: गरिबाला दे हे येशूने माणसाला सांगितलं, सरकारला नाही. करातून मदत म्हणजे जबरदस्ती. गरिबांचं चर्च बघेल. आणि बजेटवर बोलणारे बिशप डावे. विषय अमेरिकेतल्या स्नॅप (जुने फूड स्टॅम्प, गरिबांना किराण्यासाठी सरकारी मदत) आणि मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्य विमा) यांच्या कपातीचा.

येशूचं आधी घेऊ. बायबल मत्तयपासून, म्हणजे येशूच्या कथेपासून, सुरू होतं का? ७२ वं स्तोत्र राजासाठीच आहे, गोरगरिबांना न्याय देणं हे त्यात राजाचं काम आहे, आणि यशयाचा १० वा अध्याय उघडतोच मुळी अन्यायाचे कायदे लिहून गरिबांचा हक्क बुडवणाऱ्यांना शाप देत. कायदे काय कोपऱ्यावरचा दुकानदार लिहितो? पोप लिओ तेरावे यांनी तर १८९१ मध्येच लिहून ठेवलंय की श्रीमंत स्वतःला सांभाळू शकतात, गरिबाला मुख्य आधार राज्याचाच. म्हणजे हे काही आजकालचं फॅड नाही. कर म्हणजे जबरदस्ती, तर मग रस्ते आणि मिलिटरीही जबरदस्तीच, पण त्यावर फॉरवर्ड येत नाही.

‘चर्च बघेल’ वाल्यांनी जरा हिशोब करावा. २०१२ मध्ये रिपब्लिकन खासदार पॉल रायन यांचं, गरिबांच्या योजनांना कात्री लावणारं बजेट आलं तेव्हा ब्रेड फॉर द वर्ल्ड या ख्रिस्ती संस्थेने तो केला होता: कपात भरून काढायला देशातल्या प्रत्येक प्रार्थनास्थळाला वर्षाला ५०,००० डॉलर जास्तीचे उभे करावे लागतील, तेही दहा वर्षं. छोट्या पॅरिशचं छप्पर गळत असतं हो, कुठून आणणार? शिवाय स्नॅपचं कार्ड म्हणजे काही ऐश नाही, त्यावर दूध, अंडी, भाजी मिळते, साबण नाही, डायपर नाही, दुकानातलं गरम जेवणही सहसा नाही. महिनाअखेरीला कार्ड रिकामं झालं की बाई पॅरिशच्या पॅन्ट्रीत, म्हणजे चर्चच्या मोफत धान्यकेंद्रात, डबाबंद बीन्स घ्यायला येते. पॅन्ट्री ही वरची भर आहे, तिच्यावर घर चालत नाही. आणि कॅथलिक चॅरिटीज, म्हणजे चर्चच्या मदतसंस्था, ज्या पैशावर चालतात त्यातलाही मोठा वाटा सरकारचाच आहे, हे फॉरवर्डवाले सांगत नाहीत.

आता सब्सिडिअॅरिटी, म्हणजे खालच्या पातळीला जमतं ते वरच्याने काढून घेऊ नये. हे पोप पायस अकरावे यांचं १९३१ चं, आणि रायन स्वतः कॅथलिक, त्यांनी याच्याच आधारे बजेट मांडलं. मुद्दा पोकळ नाही, जॉन पॉल दुसरे यांनीही १९९१ मध्ये सगळंच आपल्या हातात घेणाऱ्या सरकारी व्यवस्थेवर टीका केलीय. पण खालच्याला जमत नसेल तर वरच्याने हात द्यायचा, ही त्याच तत्त्वाची दुसरी बाजू आहे ना! एप्रिल २०१२ मध्ये रायन जॉर्जटाउन विद्यापीठात बोलायला गेले तेव्हा तिथल्या जवळपास ९० जणांनी, प्राध्यापक आणि काही फादरसुद्धा, पत्र लिहून त्यांना हेच सुनावलं.

राहिला ‘डावे बिशप’. २०१२ मध्ये अमेरिकन बिशपांच्या वतीने बिशप स्टीफन ब्लेअर यांनी फूड स्टॅम्पच्या कपातीला विरोध केला, पण तूट कमी करा हेही बिशप म्हणतच होते, फक्त भार सगळ्यांनी उचला, महसूल वाढवा, नको तो लष्करी खर्चही कापा. आणि अमेरिकन बिशपांनी जून २०२५ मध्ये सिनेटला लिहिलेलं पत्र बघा, त्यात गर्भपाताचा सरकारी पैसा थांबवण्याच्या तरतुदीबद्दल आभार आहेत आणि त्याच पत्रात मेडिकेड, स्नॅपची कपात आणि श्रीमंतांना फायद्याची करसवलत यांना विरोध आहे. यातलं डावं कुठलं आणि उजवं कुठलं, ते फॉरवर्ड करणाऱ्याने सांगावं.