पासिंगचं वर्ष विचारा म्हणणाऱ्यांना

आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग चुलत बहिणीच्या सासरच्या ग्रुपवर आणि परवा चक्क माझ्याच एका पेशंटच्या मुलाच्या मोबाइलवर तोच मेसेज दिसला. मजकूर थोडक्यात असा: ऑपरेशनआधी सर्जनला पासिंगचं वर्ष विचारा, कारण २०२०-२१ची ‘कोविड बॅच’ परीक्षा न देताच पास झाली, तिने ऑपरेशन थिएटर धड पाहिलेलं नाही, आणि वर सरकारने तिला नोकऱ्याही वाटल्या.

मी त्याच बॅचची. एमएस ऑर्थो, म्हणजे हाडांची सर्जन, २०२१, एका सरकारी कॉलेजातून.

परीक्षेचं आधी. आमच्यातल्या काही जणांनी परीक्षेविना पुढे पाठवा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात केली होती, हे खरं. न्यायालयाने १८ जून २०२१ला ती फेटाळली. लोकांच्या लक्षात मागणी राहिली, निकाल राहिला नाही. थिअरी झाली, प्रॅक्टिकल झालं, प्रबंधही सादर करावा लागला. उशीर झाला, एवढंच. आणि उशीर म्हणजे सुट्टी नव्हती. दिवसा कोविड वॉर्ड आणि रात्री पुस्तक, असा तो अभ्यास होता.

थिएटर पाहिलं नाही, या आरोपाला मात्र थोडं सत्य चिकटलेलं आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. मार्च २०२० नंतर गुडघा बदलण्यासारखी आधी ठरवून करायची ऑपरेशनं थांबली. मुंबईत नायरसारखं मोठं शिक्षण रुग्णालय एप्रिल २०२०मध्ये कोविडसाठी राखून ठेवलं गेलं. सर्जरीच्या शाखांमधले निवासी डॉक्टर, म्हणजे रुग्णालयात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणारे, पीपीई घालून ऑक्सिजनचे आकडे लिहीत बसले. केलेल्या ऑपरेशनांची नोंद ठेवायच्या माझ्या लॉगबुकात त्या एप्रिलच्या पानावर तीन नोंदी आहेत. शिकणंच बुडालं तर फी कसली, असं म्हणत मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने फीमाफी मागितली, ऑक्टोबर २०२१मध्ये संपही केला. म्हणजे नुकसान झालं, हे आम्हीच सगळ्यांत आधी ओरडून सांगत होतो.

पण नुकसान सगळ्यांचं सारखं झालं नाही. रस्ते ओस पडल्यावर बाइकचे अपघात घटले, तरी बाथरूममध्ये घसरून खुबा मोडलेल्या आजी येतच राहिल्या. ती ऑपरेशनं आम्ही केली. कानाच्या-नाकाच्या विभागातल्या माझ्या मैत्रिणीने २०२१च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, इतक्या केसेस केल्या की तिच्या सरांनी त्याआधी साऱ्या नोकरीत तेवढ्या पाहिल्या नव्हत्या. भूलशास्त्रवाल्यांना व्हेंटिलेटर तोंडपाठ झाला. गेलं ते वेगळंच. दुसऱ्या वर्षात मॅडम ऑपरेशन थिएटरमध्ये शेजारी उभ्या राहून स्क्रू तुमच्या हाती देतात, तो टप्पा गेला. तो मी पुढे बॉन्डच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या, वर्षात आणि नंतरच्या फेलोशिपमध्ये भरून काढला, बऱ्याच जणांनी असंच केलं. म्हणून २०२१ हा आकडा आज तुम्हाला काहीच सांगत नाही. विचारायचंच असेल तर हे ऑपरेशन गेल्या वर्षभरात किती वेळा केलं, ते विचारा. मी उत्तर देते, चिडत नाही.

आता वाटलेल्या नोकऱ्या. त्या मला अजून सापडायच्या आहेत! ३ मे २०२१ला केंद्राने जाहीर केलं की कोविडची शंभर दिवस ड्यूटी केलेल्यांना पुढच्या नियमित सरकारी भरतीत प्राधान्य मिळेल. प्राधान्य म्हणजे नेमणूक नव्हे. आधी जागा निघायला हव्यात. जम्बो कोविड सेंटरमधलं काम कंत्राटी होतं, सेंटर बंद झाली तसं तेही संपलं. खासगी रुग्णालयांत ठरवून होणारी ऑपरेशनं थंडावली होती, तिथे नव्या सर्जनला पहिला प्रश्न: स्वतंत्रपणे केसेस किती केल्या? त्या एप्रिलचं पान कुठल्या तोंडाने दाखवायचं?

शिवाय त्याच घोषणेत आणखी एक गोष्ट होती. नवी बॅच येईपर्यंत शेवटच्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांची सेवा चालू ठेवता येईल, अशी. आणि नवी बॅच येईना. १८ एप्रिल २०२१ची नीट पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, ११ सप्टेंबरला झाली. नंतर अखिल भारतीय कोट्यातल्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आरक्षणाच्या खटल्यात कौन्सेलिंग, म्हणजे जागावाटप, अडकलं आणि ते सुरू करायला न्यायालयाची परवानगी मिळाली ७ जानेवारी २०२२ला. तोवर तीन बॅचचं काम दोन बॅच ओढत होत्या. एमएस-एमडीनंतर सुपरस्पेशालिटीला जाऊ बघणाऱ्यांची प्रवेश परीक्षा नीट एसएस तर तोंडावर आल्यावर तिचा पॅटर्नच बदलला. तरुण डॉक्टरांना फुटबॉल समजू नका, असं न्यायालयाने सुनावलं, तेव्हा कुठे बदल पुढे ढकलला गेला. नोव्हेंबरची परीक्षा मात्र जानेवारी २०२२वर गेली.

मेसेजवाल्याचा शेवटचा गैरसमज म्हणजे हे सगळं २०२१मध्येच आटोपलं. २०२१च्या उन्हाळ्यात रुजू व्हायला हवी होती ती मुलं २०२२च्या सुरुवातीला रुजू झाली, त्यामुळे त्यांची तीन वर्षं भरली २०२५च्या सुरुवातीला. त्यांची संधी हुकू नये म्हणून २०२४ची नीट एसएस त्या वर्षी झालीच नाही. ती झाली २९ आणि ३० मार्च २०२५ला. परिणामी जे आधीच्या बॅचचे होते आणि २०२४मध्ये परीक्षा देऊन पुढे जाणार होते, तेही तिष्ठत बसले. मेसेजच्या हिशोबात मात्र या मुलांचं पासिंग २०२५चं, म्हणजे अगदी निर्धोक.