मान्यता कोणाची आणि कशाला? रिफ्लेक्सॉलॉजीचा अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका मुलीने मला दोन अभ्यासक्रमांची माहितीपत्रके पाठवली आणि विचारले, "ताई, दोन्हींवर 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त' असेच लिहिले आहे. मग मी कोणता घेऊ?" तिला नोकरी सांभाळून रिफ्लेक्सॉलॉजी, म्हणजे तळव्यावरच्या ठरावीक जागा शरीराच्या वेगवेगळ्या अवयवांशी जोडलेल्या आहेत असे मानून पाय दाबण्याची पद्धत, शिकायची आहे आणि पुढे त्यातच स्वतंत्र व्यवसाय करायचा आहे. त्यांपैकी एक अभ्यासक्रम दोन शनिवार-रविवारांत संपणारा होता, तर दुसरा जवळपास वर्षभर चालणारा. तिला फोनवर जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहीत आहे, कारण हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि आज तो विचारणाऱ्या प्रत्येकासमोर उद्या कोणीतरी विश्वासाने पाय पुढे करून बसणार असते.

माझे स्वतःचे पहिले प्रमाणपत्र चार दिवसांच्या वर्गाचे होते. त्याला सोनेरी किनार होती, त्यावर उठावदार शिक्का होता आणि 'मान्यताप्राप्त' हा शब्द दोनदा छापलेला होता. ते हाती आल्यावर काही महिन्यांतच माझ्याकडे पन्नाशीच्या एक बाई आल्या. लांबचा प्रवास करून नुकत्याच परतल्या होत्या आणि पाय भरून आलेत, जरा दाबून द्या, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी साडीचा काठ थोडा वर घेतला तेव्हा डावी पोटरी उजवीपेक्षा स्पष्टपणे जाड दिसत होती, त्वचा ताणलेली होती आणि हात लावल्यावर ती गरम लागली. मी हाताला पावडर लावून अंगठा टेकवणार, इतक्यात त्यांच्यासोबत आलेली त्यांची बहीण उठून जवळ आली. ती परिचारिका होती. "थांबा, याला हात लावू नका," एवढेच ती म्हणाली आणि त्यांना थेट डॉक्टरांकडे घेऊन गेली. शिरेत रक्ताची गुठळी झालेली होती. एकाच पायाला सूज, उष्णता आणि पोटरीत दुखणे ही खोल शिरेतल्या गुठळीची शक्यता दाखवणारी लक्षणे आहेत, आणि अशा वेळी तातडीने वैद्यकीय तपासणीच व्हावी लागते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. चार दिवसांत मला तळव्यावर यकृत कुठे आणि मूत्रपिंड कुठे हे शिकवले होते. कोणत्या पायाला हात लावायचा नाही, हे कोणीही शिकवले नव्हते.

म्हणूनच 'मान्यताप्राप्त' हा शब्द वाचला की मी आता दोन प्रश्न विचारते: मान्यता नेमकी कशाला आहे, आणि ती देणाऱ्यावर कोणाचे लक्ष आहे? हे प्रश्न न विचारण्यातच बहुतेकांची फसगत होते, कारण चार अगदी वेगळ्या गोष्टी या एकाच शब्दाखाली खपवल्या जातात. व्यवसाय करण्यावर कायद्याचे नियंत्रण असणे ही एक गोष्ट. व्यवसाय करणाऱ्यांची नोंदवही असणे ही दुसरी. परीक्षा आणि पदविका सरकारी नियामकाच्या देखरेखीखाली असणे ही तिसरी. आणि एखाद्या खासगी संस्थेने शुल्क घेऊन अभ्यासक्रमाला आपले बोधचिन्ह वापरू देणे ही चौथी. माहितीपत्रकात पुष्कळदा यांतली फक्त चौथी गोष्ट असते, आणि वाचणारा मात्र पहिली समजून पैसे भरतो.

ब्रिटनचे उदाहरण घेतले तर हा फरक नीट दिसतो. तिथे 'पोडिआट्रिस्ट', म्हणजे पायांच्या विकारांवर उपचार करणारा तज्ज्ञ, ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ती लावता येत नाही. 'रिफ्लेक्सॉलॉजिस्ट' या उपाधीला मात्र असे संरक्षण नाही, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कोणीही स्वतःला तसे म्हणवून घेऊ शकतो. ही उणीव काही प्रमाणात भरून काढण्यासाठी 2008 मध्ये कॉम्प्लिमेंटरी अँड नॅचरल हेल्थकेअर कौन्सिल ही संस्था सरकारच्या पाठिंब्याने उभी राहिली. तिच्या नोंदवहीत नाव घालणे ऐच्छिक आहे, परंतु नाव घालायचे तर ठरलेल्या दर्जाचे शिक्षण दाखवावे लागते, आचारसंहिता पाळावी लागते आणि तक्रार झाली तर चौकशीला सामोरे जावे लागते. या नोंदवहीला पुढे प्रोफेशनल स्टँडर्ड्स अथॉरिटी या वरिष्ठ संस्थेची मान्यता मिळाली. लक्ष ठेवणाऱ्यावर लक्ष ठेवणारा कोणी आहे का, या माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे चांगले उत्तर कसे असते, याचा हा नमुना आहे.

पदविकांची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे. इंग्लंडमध्ये परीक्षा आणि पात्रता यांचे नियमन ऑफक्वाल ही वैधानिक संस्था करते. ती परीक्षा घेणाऱ्या मंडळांना मान्यता देते, मंडळे शिकवणाऱ्या केंद्रांना मंजुरी देतात आणि केंद्रात होणारे मूल्यमापन बरोबर होते की नाही हे मंडळाचा बाहेरचा तपासनीस पाहतो. अशा प्रत्येक पदविकेला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही शोधता येतो. त्यामुळे एखाद्या जाहिरातीत 'लेव्हल 3' (पदविका किती अवघड, याची पातळी) असे लिहिले असेल तर पदविकेचा तो क्रमांक मागावा. 'लेव्हल 3 दर्जाचा' आणि 'लेव्हल 3 ची नियंत्रित पदविका' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले विशेषण कोणीही स्वतःच्या अभ्यासक्रमाला लावू शकतो. क्रमांक मिळाला तरी तेवढ्यावर थांबू नये, तर परीक्षा मंडळालाच लिहून विचारावे की हे केंद्र तुमच्याकडे मंजूर आहे का. केंद्राचे उत्तर आणि मंडळाचे उत्तर जुळले, तरच पुढे जावे.

अमेरिकेत चित्र आणखी निराळे आहे. तिथे नियम राज्याराज्यांत बदलतात. काही राज्यांत रिफ्लेक्सॉलॉजीसाठी स्वतंत्र परवाना किंवा प्रमाणन आहे, तर काही ठिकाणी ती मसाजच्या कायद्यात येते. अमेरिकन रिफ्लेक्सॉलॉजी सर्टिफिकेशन बोर्ड हे 1991 मध्ये सुरू झालेले स्वतंत्र मंडळ स्वतः शिकवत नाही, फक्त परीक्षा घेते. आणि ती परीक्षा लेखी, प्रात्यक्षिक आणि प्रत्यक्ष दिलेल्या सत्रांच्या नोंदी अशा तीन भागांत असते. शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा असणे मला अतिशय महत्त्वाचे वाटते. जिथे वर्ग घेणारी व्यक्तीच संध्याकाळी प्रमाणपत्रावर सही करते आणि आजवर एकही विद्यार्थी नापास झालेला नाही असे अभिमानाने सांगते, तिथे परीक्षा झालेलीच नसते. तेव्हा आपण ज्या देशात किंवा राज्यात व्यवसाय करणार, तिथला नियम आधी वाचावा आणि अभ्यासक्रम नंतर शोधावा. हा क्रम उलटा केल्यामुळे हातात पदविका असूनही नोंदणी नाकारली गेलेली माणसे मी पाहिली आहेत.

मान्यतेची खातरजमा झाल्यावर मी तासांकडे पाहते. माहितीपत्रकातल्या एकूण तासांत घरी करायचे वाचन, लेखन आणि सराव हे सारे मोजलेले असते, आणि तसे मोजणे गैरही नाही. पण शिक्षकाच्या नजरेखाली किती तास, हा आकडा वेगळा विचारावा. ब्रिटनच्या नियंत्रित पदविकांत हे दोन्ही आकडे स्वतंत्रपणे दिलेले असतात.

हा आकडा इतका महत्त्वाचा का, ते सांगते. रिफ्लेक्सॉलॉजीत एका हाताने पाऊल आधाराला धरायचे असते आणि दुसऱ्या हाताचा अंगठा पहिल्या सांध्यातून वाकवत, उघडत, सुरवंटासारखा बारीक पावलांनी पुढे न्यायचा असतो. व्हिडिओत पाहताना हे सोपे वाटते. मी नंतर जेव्हा रीतसर वर्षभराचा अभ्यासक्रम केला, तेव्हा पहिल्याच वर्गात शिक्षिकेने माझ्या मनगटाखाली दोन बोटे धरली आणि म्हणाल्या, "जोर खांद्यातून येतोय, अंगठ्यातून नाही. कोपर खाली सोडा." मग त्या स्वतः खुर्चीत बसल्या, मला त्यांच्याच पावलावर अंगठा चालवायला लावले आणि प्रत्येक पावलाला सांगत गेल्या: इथे नख लागले, इथे दाब सुटला, इथे आधाराचा हात सैल झाला. दाब किती हे त्या पायालाच कळत होते. पडद्यापलीकडून ते कोणालाही कळले नसते. चुकीच्या पद्धतीने, अंगठा उलटा वाकवून दाब देत राहिले तर काही वर्षांत आपलाच सांधा दुखायला लागतो, हेही मला त्यांनीच दाखवले. हात बसायला वेळ लागतो आणि कोणीतरी तो हात धरून दुरुस्त करावा लागतो. शरीररचनेचा अभ्यास, कायदा, नोंदी लिहिण्याची पद्धत हे सारे ऑनलाइन उत्तम शिकता येते आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. परंतु संपूर्ण अभ्यासक्रमच रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंचा असेल तर व्यवसायासाठी तो घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

सरावाइतक्याच महत्त्वाच्या आहेत केस स्टडीज. चांगल्या अभ्यासक्रमात वेगवेगळ्या वयाच्या आणि प्रकृतीच्या व्यक्तींना ठरावीक अंतराने अनेक सत्रे द्यावी लागतात आणि प्रत्येक सत्राची नोंद लिहावी लागते: आधी काय विचारले, पाय कसा दिसला, त्वचा, तापमान, सूज, संवेदना, काय केले, व्यक्तीने नंतर काय सांगितले, पुढच्या वेळी काय बदलायचे. माझ्या पहिल्या नोंदीवर शिक्षिकेने लाल शाईने एकच प्रश्न लिहिला होता: "यांना मधुमेह आहे असे तुम्ही लिहिले आहे, तळव्याला स्पर्श कळतो का, हे विचारले का?" मी विचारले नव्हते. मधुमेहात तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणजे दाब जास्त झाला तरी ती व्यक्ती "ठीक आहे" असेच म्हणते, आणि लहानशी जखमही चिघळू शकते. ती लाल शाईची ओळ मला कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडली. म्हणून संस्थेकडे, विद्यार्थ्याचे आणि त्या व्यक्तीचे नाव झाकून, तपासलेल्या केस स्टडीचा एखादा नमुना मागावा. त्यावर शिक्षकाचे शेरे आहेत की नुसती बरोबरची खूण आहे, एवढ्यावरून पुष्कळ काही कळते.

अभ्यासक्रमाच्या मजकुरात काय असावे याची लांबलचक यादी देत नाही. एका पावलात 26 हाडे आणि 33 सांधे असतात. त्यांची नावे न शिकवता थेट रंगीत नकाशा हातात देणारा वर्ग मला अपुरा वाटतो. उपचार कधी देऊ नये, कधी डॉक्टरांना विचारून द्यावा आणि गर्भवती स्त्रीच्या बाबतीत कोणती काळजी घ्यावी, यांवर किती वेळ दिला आहे हे अवश्य पाहावे.

मात्र शिक्षक दावे काय करतात, याबद्दल मला थोडे अधिक बोलायचे आहे. या पद्धतीचा उगम विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झजेराल्ड यांच्या झोन थेरपीत आहे. त्यांनी शरीर दहा उभ्या पट्ट्यांत विभागले होते. पुढे युनिस इंगहॅम यांनी पायाच्या तळव्याचा नकाशा विकसित केला आणि 1938 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. तळव्याखाली साचलेले स्फटिकासारखे कण दाबून मोडायचे, ही कल्पना त्यांच्याच काळातली, आणि काही वर्गांत ती आजही शास्त्रीय सत्य म्हणून सांगितली जाते, तिला पुरावा नसतानाही. पूरक उपचारपद्धतींचे संशोधक एड्झार्ड अर्न्स्ट यांनी 2009 मध्ये 18 नियंत्रित चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा कोणत्याही आजारावर रिफ्लेक्सॉलॉजी परिणामकारक असल्याचे खात्रीलायकपणे दिसून येत नाही, असा निष्कर्ष निघाला. मी हे काम मनापासून करते, लोकांना त्यातून विसावा मिळतो हे रोज पाहते, आणि तरीही हा निष्कर्ष प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात सांगितला गेला पाहिजे असे मानते. जो शिक्षक तो सांगतो, तोच तुम्हाला निदान करू नका, औषध बंद करायला सांगू नका, जाहिरातीत 'बरे करतो' असे लिहू नका, हे शिकवेल. तळवा पाहून रोग ओळखायला शिकवू, असे आश्वासन जिथे मिळते, तिथे शिक्का कोणाचाही असो, मी माझ्या माणसांना पाठवणार नाही.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. पैसे भरण्यापूर्वी एखाद्या विमा कंपनीला विचारावे की ही पदविका असलेल्या व्यक्तीला तुम्ही व्यावसायिक विमा देता का. विमा मिळतो म्हणजे अभ्यासक्रम उत्तम, असे मुळीच नाही, कारण काही कंपन्या अगदी छोट्या अभ्यासक्रमांनाही विमा देतात. पण विमा मिळत नसेल तर विषय तिथेच संपतो.

त्या मुलीला मी हे सारे सांगून दोन्ही संस्थांना एकच पत्र पाठवायला सांगितले: पदविकेचा क्रमांक काय, परीक्षा कोण घेते, शिक्षकासमोर प्रत्यक्ष किती तास, किती केस स्टडीज आणि त्या कोण तपासते. परवा तिचा निरोप आला. पहिल्या संस्थेने प्रश्नांना ताकास तूर लागू दिलेला नाही. सवलतीची मुदत रविवारी संपते, एवढेच दोनदा कळवले आहे. दुसरीने क्रमांक, मंडळाचे नाव आणि तपासलेल्या एका केस स्टडीची प्रत पाठवली आहे, आणि प्रवेश घेण्याआधी एक दिवस वर्गात येऊन बसा, असेही लिहिले आहे. ती शनिवारी जाणार आहे. जाताना पायमोजे सहज काढता येतील असे घाल, असे मी तिला सांगितले आहे, कारण सरावासाठी पहिला पाय बहुधा तिचाच घेतील.